शाहीनचा थिसिस आणि दोन डाव्या बाह्या

आमच्या खोलीत रिझल्ट वर्षातून एकदा येतो, किस्सा मात्र रोज होतो! रिझल्ट वहीत लिहावा लागतो, त्यावर तारीख टाकावी लागते, सरांची सही घ्यावी लागते. किश्शाला यातलं काही लागत नाही. कूलरच्या तळाशी गाळ साचतो तसे ते आपोआप साचत जातात, आणि एक दिवस कुणीतरी झाकण उघडतं.

परवा ते झाकण माझ्या मैत्रिणीनं उघडलं. चहाला जमलो होतो. ती म्हणाली, "संध्या, तुमी त्या वरच्या मजल्यावर दिवसभर करता तरी काय बाप्पा?" मी सांगायला सुरुवात केली आणि दोन तास झाले तरी कुणी उठेना. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

तर आधी काम सांगते. अमरावतीतलं एक कॉलेज, केमिस्ट्रीचा विभाग, वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. चार माणसं, तीन कॉम्प्युटर, एक कूलर. कॉम्प्युटरसाठी रेणू म्हणजे हवेत मांडलेले ठिपके, एक ठिपका म्हणजे एक अणू. आम्ही एका रेणूचे ठिपके उचलतो, फिरवतो आणि दुसऱ्या रेणूच्या ठिपक्यांवर बसवून पाहतो. किती फरक उरला त्याचा एक आकडा येतो. आकडा शून्याजवळ आला की दोन्ही रेणू सारखे. नवीन औषधं शोधणाऱ्यांना हे लागतं. बस्स, एवढंच काम. एवढ्यासाठी माणसांचे केस पांढरे होतात.

चार माणसं म्हणजे आमचे वानखडे सर, मूळ पातूरचे. कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटते. दुसरा इंगळे, आमचा प्रोग्रामर. याला शुद्ध मराठी बोलायला लावलं तर तो आजारी पडतो. तिसरी शाहीन, अकोल्याच्या जुन्या शहरातली, पीएचडी करणारी. चौथी मी, भातकुलीची, शाहीनची को-गाइड. माझं डोकं लवकर तापतं, हे मीच सांगून टाकते, नाहीतर इंगळे सांगेल.

आणि हे सगळे किस्से एकाच वर्षाचे आहेत, शाहीनच्या शेवटच्या वर्षाचे. तिनं दोनदा मुदतवाढ घेतली होती, तिसरी मिळत नाही. मे संपायच्या आत थिसिस जमा झाला तर ठीक, नाहीतर सहा वर्षांची मेहनत पाण्यात. सहा वर्षांत तिनं एकच प्रोग्राम लिहिला होता, त्याचं नाव 'मिलाप'. दोन रेणू द्यायचे, मिलाप सांगणार सारखे की वेगळे. सगळा थिसिस त्या एका प्रोग्रामच्या जिवावर उभा होता.

*

सुरुवात इंगळेच्या लग्नापासून करते.

इंगळे मुलगी पाहायला गेला. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे मामा सरसावून बसले. "काम कायचं करता जी तुमी?"

आता याला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला! 'कॉम्प्युटरवर आहे' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण नाही. "दोन वस्तू घेतो, एकावर एक ठेवतो, आन सारख्या हायेत का ते पायतो," इंगळे म्हणाला.

मामा म्हणाले, "आन सारख्या निघाल्या तं?"

"तं मंग दोन कायले ठेवाच्या? एक काढून टाकतो!"

यात खोटं काहीच नव्हतं. यादीत एकच रेणू दोनदा आला की एक काढावाच लागतो, ते आमचं रोजचं काम. पण आत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. मग मामा खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले,

"जरा जपून बोला जी. आमच्या घरी पोट्ट्या दोन हायेत. जुळ्या!"

लग्न झालं. वैशाली आली. तिची बहीणही सुखरूप आहे.

*

वानखडे सरांचा किस्सा हिवाळ्यातला. एमएस्सीच्या पोरांना डावा रेणू आणि उजवा रेणू म्हणजे काय ते समजत नव्हतं.

गोष्ट साधी आहे. काही रेणू चपलांच्या जोडासारखे असतात. दोन्हींत तेच अणू, तीच जोडणी, पण एक डावा आणि दुसरा उजवा. कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर बसत नाही. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. आणि शरीराला हा फरक बरोबर कळतो. डावा औषध असेल तर उजवा नुसता बिनकामाचा, कधी कधी तर त्रासदायकसुद्धा.

पोरांना चित्रं काढून दाखवली, कळेना. तेव्हा सर स्वतः पिशवी घेऊन बाजारात गेले. ओळखीच्या भाजीवालीनं विचारलं, "किती किलो देऊ सर?" सर म्हणाले, "आलू दोन. टमाटे दोन. लिंबं दोन. वांगे दोन. मिरच्या दोन." ती बिचारी म्हणाली, "सर, घरी सगळं ठीक हाये ना?"

रात्रीच सरांनी घरी दोन रेणू तयार केले. मध्ये बटाटा, त्यात उदबत्तीच्या चार काड्या, काड्यांच्या टोकाला टमाटा, लिंबू, वांगं आणि मिरची. एक डावा, एक उजवा. ओट्यावर झाकून ठेवले.

सकाळी वर्ग गच्च भरला. सरांनी पिशवीतून एक रेणू काढला, टेबलावर ठेवला, फिरवून दाखवला. पोरं मन लावून पाहत होती. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, आणि उजवा?"

सरांनी पिशवीत हात घातला. पिशवी पालथी केली. मग त्यांच्या लक्षात आलं, काकू पहाटे उठून डबा करतात. सर शांतपणे म्हणाले,

"उजवा माझ्या डब्यात आहे. वरून कोथिंबीर घातली आहे."

*

आमच्या कामात 'टॉलरन्स' नावाची एक भानगड असते. कॉम्प्युटर कधी पुरतं शून्य देत नाही. सारखे रेणू असले तरी शून्य पॉइंट शून्य शून्य काहीतरी उरतंच. म्हणून एक मर्यादा ठरवतात. तिच्या आतला फरक म्हणजे फरक नाही.

पण त्यातही एक खोच आहे. पहिला दुसऱ्यासारखा, दुसरा तिसऱ्यासारखा, तिसरा चौथ्यासारखा, असं करत करत शेवटचा पहिल्याचा कोणीच लागत नाही! शाहीननं एकदा यादी अशीच साखळीनं जुळवली, तर मिलापनं यादीतले सगळे रेणू एकाच गटात टाकले. "काम झालं!" इंगळे ओरडला. "दुनियेत एकच औषध हाये!" शाहीनचे त्या खोचीपायी तीन आठवडे गेले. म्हणजे मे महिना तीन आठवड्यांनी जवळ आला.

इंगळेनं मात्र त्यातून वेगळाच धडा घेतला. लग्नानंतर तो रोज उशिरा यायला लागला. यायची वेळ दहाची. एक दिवस दहा पाच. दुसऱ्या दिवशी दहा दहा. मग सव्वादहा. महिन्याभरात स्वारी साडेबाराला हजर! सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

इंगळे म्हणाला, "सर, कालच्यापेक्षा पाचच मिनिटं उशीर हाये. टॉलरन्समधी बसते!"

मी तर फाइल फेकूनच मारणार होते. सर मात्र खिशातून पेन काढून कागदावर काहीतरी हिशेब करत बसले. मग म्हणाले,

"हरकत नाही. हाच वेग ठेव. वर्षभरात फिरून बरोबर सकाळी दहाला येशील."

दुसऱ्या दिवशी इंगळे पावणेदहाला दारात उभा होता.

*

आता मूळ दुखणं सांगते.

एप्रिलचा पहिला आठवडा. थिसिसचे पाच चॅप्टर झाले होते, एक पेपर छापून आला होता, शाहीन आभाराचं पान लिहीत होती. इंगळेला काम नव्हतं आणि हा बिनकामाचा असला की धोका असतो. यानं गंमत म्हणून मिलापला एक औषधाचा रेणू दिला आणि सोबत त्याचंच आरशातलं रूप. डावा आणि उजवा. मिलापनं म्हणायला हवं होतं 'वेगळे'.

स्क्रीनवर आलं: फरक शून्य. सारखे.

शून्य दिसलं की आनंद, या सवयीनं इंगळेनं टाळी वाजवली. "पाय शाहीन, काय चालून राहिला तुहा प्रोग्राम! एकदम शून्य!"

शाहीन स्क्रीनजवळ आली. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिच्या तोंडावरचा रंगच उतरला. मला अजून तो चेहरा आठवतो.

झालं होतं असं. गणिताला आम्ही सांगितलेलं असतं, हा रेणू फिरवून त्यावर बसव. पण फिरवून बसतच नसेल तर हे गणित एक चलाखी करतं. ते गुपचूप रेणूला आरशात घालतं आणि म्हणतं, बघा बसला! मग डावा-उजवा एकच होऊन जातो. त्यावर उपाय आहे, आणि तोही एका ओळीचा. शेवटी एक चिन्ह तपासायचं, ते उणे असेल तर उलटवायचं आणि मगच फिरवायचं. ती ओळ शाहीनच्या प्रोग्राममध्ये नव्हती. सहा वर्षं आम्ही चौघं तो प्रोग्राम पाहत होतो, आणि एकाच्याही डोळ्यांना दिसलं नाही!

सरांनी खुर्ची ओढली. मग विचारलं, "थिसिसमधल्या किती जोड्या यानं तपासल्यात?"

"सगळ्याच, सर."

म्हणजे ज्यांना आम्ही सारखे म्हटलं, त्यांतले कोणते खरंच सारखे आणि कोणते आरशातले, देवाला माहीत. सगळं परत चालवायचं तर मे पुरेल की नाही याची खात्री नव्हती.

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी शाहीनला व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, "हे पाय, ती ओळ घालून दे आणि जुने आकडे तसेच राहू दे. परीक्षक काय एकेक जोडी मोजत बसणार हायेत? कोणाले समजून राहिलं?" डोकं तापलं की मी वऱ्हाडीवर येते. को-गाइड म्हणून मी हे म्हटलं!

शाहीन एवढंच म्हणाली, "ताई, रविवारी घरी चला. अम्मीनं बोलावलंय."

*

अकोल्याला मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलं की तिसऱ्या गल्लीत युसूफ मास्टरांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. युसूफ मास्टर म्हणजे शाहीनचे अब्बा, शेरवानी शिवण्यात सगळ्या जुन्या शहरात नाव. मी पायरी चढते न चढते तोच ते म्हणाले, "मॅडमजी, ब्लाउजचा डावा खांदा अर्धा इंच उतरला हाये. कोणी शिवला?" मला आजवर ते कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो ब्लाउज मी घातलेला नाही.

जेवायला बसलो. शाहीननं अब्बांना सगळं सांगितलं. रेणू, आरसा, राहून गेलेली ओळ, राहिलेले दिवस. माझा सल्लाही सांगितला, पण 'कुणीतरी म्हणालं' असं. मी भाताकडे पाहत राहिले.

अब्बा बराच वेळ हसले. "अरे बेटा, ये तो मेरी शेरवानी का किस्सा हो गया!"

मग त्यांनी सांगितलं. बाह्या कापताना कापड दुमडून ठेवतात. एका कातरीत दोन बाह्या निघतात, एक डावी आणि एक उजवी. पण त्या दिवशी घाई होती. मखमलीचे दोन वेगळे तुकडे होते, मास्टरांनी दोन्ही सुलटे एकावर एक ठेवले आणि कातर चालवली. उचलून पाहतात तर दोन्ही बाह्या डाव्या! मखमल संपलेली, लग्न दोन दिवसांवर.

"मैं बोला, कौन देखता है? लगा दी. थोडा खींच के, थोडा दबा के. आरशात बराबर दिसून राहिली होती!"

नवरदेवानं शेरवानी घातली. कुणाला काही कळलं नाही. हार झाले, फोटो झाले. मास्टर पहिल्या रांगेत बसलेले, निवांत. मग निकाहनाम्यावर सही करायला नवरदेवाच्या हातात पेन दिलं.

"हाथच सामने नहीं आया, बेटा! खांद्यातच अटकला. वो जोर लगा रहा, पसीना आ रहा, पेन कागज तक पहुंचताच नहीं. पूरी मजलिस चुप. काझीसाहब बोले, 'क्या बात है, लड़के को मंजूर नहीं क्या?'"

मला ठसका लागला. अम्मींनी पाणी दिलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुसून पाहते तर शाहीन हसत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "बरं बाई. माझंच चुकलं. परत चालव सगळं."

*

मग मे महिना. वऱ्हाडातला मे ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू! खोलीतला कूलर आम्ही कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावला, कारण तापला की तो बंद पडायचा. आम्ही तिघं थिसिसच्या कच्च्या पानांनी वारा घेत बसायचो. चौथी शाहीन वारासुद्धा घ्यायची नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची आणि किती जोड्या झाल्या ते लिहायची.

कॉलेजात बाकी कुठंच गारवा नव्हता. त्यामुळे सगळ्या विभागांना अचानक भूमितीची गोडी लागली. इतिहासाचे एक प्राध्यापक तर रोज जेवणानंतर यायचे, कूलरसमोर खुर्ची टाकायचे आणि स्क्रीनवर फिरणारा रेणू दोन-दोन तास पाहायचे. पहिल्या दिवशी जाताना त्यांनी गंभीरपणे विचारलं, "उद्याही फिरणार आहे ना हा?"

त्यात वीज जायला लागली. वीज गेली की त्या दिवसाच्या सगळ्या जोड्या पुन्हा पहिल्यापासून. शाहीनच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मला विजेच्या खांबाला लाथ मारावीशी वाटायची. तेव्हा इंगळेनं काय करावं? घरचा इन्व्हर्टर उचलून आणला! बायकोला न विचारता!

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशाली दारात उभी. "माहा फ्रीज बंद, दही आंबून गेलं, आंबे सडून राहिले. तुमी अथी काय फिरवून राहिले ते मले दाखवा आधी!"

इंगळे खुर्चीमागे लपला. शाहीननं घाबरत घाबरत तिला बसवलं, स्क्रीन दाखवली. दोन रेणू, मिलाप एकाला फिरवून दुसऱ्यावर बसवत होता. वैशालीनं पाहिलं आणि बोट ठेवलं. "हे काय सारखे हायेत? एक इकडचा हाये, एक तिकडचा!"

मशीन अजून हिशेबच करत होतं. तीन मिनिटांनी स्क्रीनवर आलं: वेगळे.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, "जुळ्या बहिणीसंग वाढली मी. सारखं दिसणं अलग आन सारखं असणं अलग, हे मले नका शिकवू!"

सर इतका वेळ कोपऱ्यात वाचत बसले होते. पुस्तक न मिटता म्हणाले, "इंगळे, मशीन तू घरी घेऊन जा. वहिनींना इथं राहू दे."

इन्व्हर्टर मात्र आमच्याकडेच राहिला. वैशालीनंच ठेवायला सांगितला. रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, "शाहीनच्या किती जोड्या झाल्या?"

*

मे संपायला दोन दिवस असताना शेवटची जोडी झाली. आधीच्या बऱ्याच जोड्या फुटल्या. ज्यांना आम्ही सारखे म्हटलं होतं त्यांतले कितीतरी आरशातले निघाले. शाहीननं ते सगळं एका वेगळ्या चॅप्टरमध्ये घातलं. सहावा चॅप्टर, नाव: 'आधी काय चुकलं होतं'. छापून आलेल्या पेपरबद्दल सरांनी स्वतः त्या मासिकाला कळवलं, चूक आमची आहे, दुरुस्ती छापा. मी म्हटलं, "सर, थिसिसला हे नडलं तर?" सर म्हणाले, "नडू शकतं." एवढंच.

शेवटच्या दिवशी पाच प्रती घेऊन विद्यापीठात जमा करायला गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी चष्मा वर केला. "पाचही प्रती सारख्या हायेत?"

"हो," शाहीन म्हणाली.

"कायवरून?"

सर उत्तर द्यायला पुढे झाले आणि थबकले. सगळी नोकरी दोन वस्तू सारख्या आहेत का हे ठरवण्यात गेलेला माणूस, त्याला उत्तर सुचेना! बाबूंनी पाचही प्रती टेबलावर उभ्या ठोकल्या, शेजारी शेजारी लावल्या, एक डोळा मिटून वरून पाहिलं आणि चौथी बाहेर ओढली.

"हे बारीक हाये."

उघडून पाहतो तर बाइंडिंग करताना सहावा चॅप्टरच राहिला होता! मी आणि इंगळे तीच प्रत घेऊन बाइंडरकडे ऊर फुटेस्तोवर धावलो. खिडकी बंद व्हायच्या आत परत आलो. धापा टाकत इंगळे म्हणाला, "सर, मिलाप राहू द्या. पीएचडी या बाबूले द्या!"

*

आता शेवटचं. तोंडी परीक्षा, दसरा झाल्यावर.

आमच्याकडे ही परीक्षा सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन बसावं. हॉल भरला होता. युसूफ मास्टर अकोल्याहून आले होते, नवा इस्त्रीचा कुर्ता घालून, पण घाईत गळ्यातला टेप काढायचा राहिला होता. ते माझ्या शेजारी बसले. अम्मी त्यांच्या पलीकडे, हातात जपाची तसबी.

बाहेरून आलेले परीक्षक सडसडीत, चष्मा नाकाच्या टोकावर, हसणं माहीत नसलेले. या विषयात त्यांचं मोठं नाव. शाहीनला ते नावानं हाक मारत नव्हते, सारखं 'उमेदवार' म्हणत होते. "उमेदवारानं पान चाळीस उघडावं." "उमेदवारानं फळ्यावर दाखवावं." दीड तास हेच चाललं होतं. शाहीन एकेकाचं उत्तर देत होती.

मग त्यांनी सहावा चॅप्टर उघडला. "थिसिसमध्ये लोक चुका झाकतात. उमेदवारानं त्या अनुक्रमणिकेत घातल्या आहेत. का?"

शाहीन म्हणाली, "सर, त्या चुकीच्या आकड्यांवर माझं नाव होतं."

परीक्षकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "यात माझी एक जोडी आहे. माझ्या प्रोग्रामनं फार पूर्वी ती 'सारखी' ठरवली, छापूनही आलं. उमेदवाराचा प्रोग्राम काय म्हणतो ते पाहू."

शाहीननं जोडी मिलापला दिली. सगळ्या हॉलचं लक्ष पडद्यावर. दोन मिनिटांनी आलं: वेगळे.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मागून इंगळे पुटपुटला, "मेलो." अब्बांनी माझ्याकडे वळून विचारलं, "क्या हुआ मॅडमजी? पास हुई?" मी नुसता हात केला, थांबा म्हणून. सहा वर्षं, दोन मुदतवाढी, तो उन्हाळा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. वाटलं, आता हा माणूस प्रोग्राम फेटाळणार.

"पुन्हा चालवा," परीक्षक म्हणाले.

पुन्हा आलं: वेगळे.

"उमेदवाराचा प्रोग्राम चुकत असेल."

शाहीन म्हणाली, "चुकत असू शकतो, सर. एकदा चुकलाच होता. हातानं तपासू या का?"

ती फळ्याकडे गेली. मधला अणू काढला, त्याचे चार शेजारी काढले, कोणता पुढे, कोणता मागे ते दाखवलं. शेजारी दुसरा रेणू काढला. परीक्षक उठले, फळ्याजवळ गेले, परत खुर्चीत आले. कोरा कागद घेतला आणि स्वतः काढायला बसले. काढलं, कागद फिरवला, पुन्हा काढलं. चहा आला. कुणी कपाला हात लावला नाही. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. अम्मींचे ओठ हलत होते. दहा मिनिटं तो माणूस त्या कागदावरून मान वर करेना.

मग त्यांनी पेन्सिल ठेवली. निकालाचा फॉर्म त्यांच्या पुढ्यातच होता, सहीची जागा रिकामी. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. अख्खा हॉल त्या पेनाकडे पाहत होता. पण हात फॉर्मकडे गेलाच नाही. त्यांनी बॅगेतून स्वतःची डायरी काढली, कोरं पान उघडलं, नाकावरचा चष्मा नीट वर सरकवला आणि शाहीनकडे पाहून विचारलं,

"डॉक्टर शाहीन, ती ओळ नेमकी कुठं घालायची?"